पाण्याला तिकडे काय म्हणतात?

जपानी लिपीतले 'पाणी' हे अक्षर चार रेघांत काढून होते. मधोमध एक उभी रेघ, तिला खाली डावीकडे जरासा आकडा. डाव्या अंगाला एक मोडलेली तिरकी रेघ, उजव्या अंगाला दोन. फार जुन्या काळी हे वाहत्या ओढ्याचे आणि त्याच्या शिंतोड्यांचे चित्र होते. जपानमधली पहिलीची मुले वर्षभरात जी ८० अक्षरे शिकतात, त्यांत हे एक आहे. काढायला पाच मिनिटांत येते. खरा प्रश्न त्यानंतरचा, की हे वाचायचे कसे? कारण त्याचे वाचन एक नाही. कधी ते 'मिझु' असते, कधी 'सुइ'. अर्थ दोन्हीकडे पाणीच.

मी जतमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. जपानीशी माझा संबंध यायचे काही कारण नव्हते. तो आला थोरल्या लेकीमुळे. नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून ती नोकरीला लागली आणि दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी तिने घरात विषय काढला की, मला जपानला जायचे आहे, म्हाताऱ्या माणसांच्या सेवेच्या कामावर.

जपानमध्ये आज दर दहा माणसांत जवळजवळ तीन माणसे पासष्टीच्या वर आहेत. त्यांची काळजी घ्यायला तिथले हात पुरत नाहीत. म्हणून त्या सरकारने २०१९ पासून परदेशी कामगारांसाठी एक नवा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताबरोबर त्याचा करार झाला. या व्हिसावर साधारण पाच वर्षे काम करता येते. कुटुंब मात्र सोबत नेता येत नाही. सेवेच्या कामाची एक परीक्षा द्यावी लागते, त्या कामात लागणाऱ्या भाषेची वेगळी परीक्षा असते, आणि शिवाय सर्वसाधारण जपानी किमान 'एन-४' पातळीची यावी लागते. जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ सगळ्यांत सोपी, एन-१ सगळ्यांत अवघड.

आमच्या घरात काय झाले असेल ते वाचक भगिनींना सांगायला नको. "एवढ्या लांब, एकटी? तिथे हलालचे काय, नमाजचे काय, आजारी पडली तर कोण?" तिच्या अब्बांच्या प्रश्नांत चुकीचे काहीच नव्हते. शेवटी तेच म्हणाले, "आधी भाषा शिक. भाषा आली तर पुढचे बोलू." त्यांना वाटले असावे की, तेवढ्यात हौस फिटेल. भाषा दाराशी बसवली, म्हणजे दार उघडायचे की नाही हे तिच्यावर सोडता येते.

पुण्यात जपानी शिकवणारे पुष्कळ आहेत. तिथल्या विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकवल्या जातात आणि जपानी ही त्यांतली एक. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे जे जपानी पद्धतीचे उद्यान आहे, ते पुणे आणि ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीतून झालेले आहे. जतमध्ये बसून हे सगळे मोबाइलवरच. ड्यूटी संपवून रात्री ती पुण्याच्या बाईंच्या ऑनलाइन वर्गाला बसायची आणि सुट्टीत घरी आली की पुठ्ठ्याची कार्डे माझ्या हातात द्यायची. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला वाचन आणि अर्थ. मी अक्षर दाखवायचे, तिने सांगायचे. शिक्षिकेला दुसऱ्याची उजळणी घ्यायची सवय असतेच. घेता घेता मीही शिकू लागले.

'पाणी' हे कार्ड आले तेव्हा ती म्हणाली, "अम्मी, इसकू दो आवाजां हैं. अकेला आया तो मिझु, जोडी में आया तो सुइ."

असे का, याचे उत्तर इतिहासात आहे. जपानी लोकांना बोली होती, लिपी नव्हती. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी कोरियामार्गे त्यांच्याकडे चिनी अक्षरे आली. चिनी अक्षर हे आपल्या 'क' किंवा 'अलिफ'सारखे नुसते ध्वनीचे नसते, त्यात अर्थ भरलेला असतो. जपान्यांनी अक्षर घेतले, त्याच्याबरोबर आलेला चिनी उच्चार आपल्या जिभेला बसेल तसा घेतला आणि त्याच अक्षरावर आपला जुना घरचा शब्दही ठेवला. पाण्याला ते आधीपासून 'मिझु' म्हणत होते, ते तसेच राहिले. चिनी वाटेने आलेला 'सुइ' त्याच्या शेजारी येऊन बसला. बाहेरून आलेल्या वाचनाला ते 'ओन' म्हणतात, घरच्या वाचनाला 'कुन'. पाहुणा आला म्हणून घरच्याला बाहेर काढले नाही आणि घरचा आहे म्हणून पाहुण्याला परत पाठवले नाही.

हे ऐकून मला पहिली आठवण झाली ती आपल्या 'पाणी' आणि 'जल' यांची. तहान लागली की आपण पाणी मागतो, जल मागत नाही. पण जोडशब्द करायचा झाला की जल पुढे येते: जलविद्युत, जलसंधारण, जलशुद्धीकरण. जपानीतही नेमके तेच. प्यायचे पाणी 'मिझु', पण नळाचे पाणी 'सुइदो', म्हणजे पाण्याची वाट. भाताचे पाणथळ शेत 'सुइदेन'. सुगंधी पाणी, म्हणजे सेंट, 'कोसुइ'. पूर आला की 'कोझुइ', कारण जोडीत 'सुइ'चा कधी 'झुइ' होतो. आपल्याकडे दोन शब्द दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहितो, त्यांच्याकडे दोन्हींना एकच अक्षर. एवढाच फरक.

बुधवारला जपानीत 'सुइयोबि' म्हणतात, पाणीवार. हे वाचून मी चमकले. मग लेकीने आठवडाभराचे वार मांडून दाखवले. बुध ग्रहाला ते 'पाण्याचा तारा' म्हणतात, मंगळाला 'अग्नीचा', गुरूला 'लाकडाचा', शुक्राला 'सोन्याचा', शनीला 'मातीचा'. रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा. म्हणजे सातही वार आपल्याच ग्रहांचे आणि आपल्याच क्रमाने. बुधवार जतमध्येही बुधाचा, टोकियोतही बुधाचाच. त्यांची जी दुसरी, ध्वनींची अक्षरे आहेत, त्यांचा क्रमही आ-इ-उ-ए-ओ आणि मग का-सा-ता-ना असा चालतो. तो बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेला. आपल्या बाराखडीचा दूरचा नातेवाईकच म्हणायचा.

एकटे असेल तर घरचे वाचन आणि जोडीत असेल तर बाहेरचे, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो, पण सगळीकडे नाही. फिकट निळ्या रंगाला जपानीत 'पाणीरंग' म्हणतात आणि तो 'मिझुइरो' असा घरच्याच वाचनाने बोलतात. 'माणूस' या अक्षराची तर मजाच. एकटा असेल तर 'हितो'. भारतीय माणूस 'इंदोजिन'. तीन माणसे 'सान्निन'. पण एक माणूस 'हितोरि' आणि दोन माणसे 'फुतारि'. 'डोंगर' या अक्षराची वाचने 'यामा' आणि 'सान'. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आपण 'फुजियामा' वाचलेले असते, जपानी माणूस म्हणतो 'फुजिसान'. शेवटचे अक्षर एकच. 'जीवन' या अक्षराला तर इतकी वाचने आहेत की ती यादीने पाठ करू गेले तर माणूस वही मिटून झोपेल. विद्यार्थी या शब्दात ते 'सेइ', वाढदिवस या शब्दात 'जो', आणि कच्चे या अर्थी एकटे आले तर 'नामा'.

तिथल्या नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीत २,१३६ अक्षरे आहेत. एन-४ ला त्यातली काही शेच लागतात, तरी ओझे कमी नाही. लेकीच्या वर्गातली पुष्कळ मुले इथेच थकतात, असे ती सांगायची. ती स्वतः फारशी डगमगली नाही. त्याचे कारण मला तिच्या पहिलीच्या पुस्तकात दिसते.

उर्दूत अलिफ आणि सीन लिहिले की ते 'इस'ही असते आणि 'उस'ही. जेर-पेश कोणी लावत नाही. दाल, वाव, रे लिहिले की ते 'दूर'ही होते आणि 'दौर'ही. कोणते वाचायचे ते अक्षर सांगत नाही, वाक्य सांगते. आमचे दुसरीचे पोर अडखळत का होईना, आधी पुढचे शब्द नजरेने चाचपते, मग तोंड उघडते. वाचन म्हणजे अर्थाचा अंदाज घेत चालणे, ही सवय त्याला सहाव्या-सातव्या वर्षीच लागते. लेक चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकली, पुढे मराठीत. जपानी अक्षराने दोन तोंडे दाखवली तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही.

आणखी एक गंमत. पाणी हे अक्षर दुसऱ्या अक्षराचा भाग होऊन येते तेव्हा त्याचे पुष्कळदा डावीकडचे तीन थेंब होतात. समुद्र, पोहणे, धुणे, रडणे, या सगळ्या अक्षरांच्या डाव्या अंगाला ते तीन थेंब असतात. डोळ्यांतले पाणीही पाण्यातच मोजले आहे. मी हे फळ्यावर काढून दाखवले तेव्हा चौथीतला एक मुलगा उठून म्हणाला, "टीचर, पानी के 'पे' कू भी तीन नुक्ते हैं!" हा निव्वळ योगायोग आहे हे मी त्याला सांगितले. पण आता वर्गात कोणी 'पे'चे नुक्ते विसरत नाही.

त्या दिवशी मी मुलांना विचारले, पाण्याला तुमच्याकडे काय काय म्हणतात? जत तालुका सीमेवरचा. घरात दखनी, शाळेत उर्दू, कचेरीत आणि बाजारात मराठी, आणि उमदी-संखकडच्या मुलांच्या गल्लीत कानडी. फळा भरत गेला. पानी, पाणी, नीरु, जल. मदरशात जाणाऱ्या मुलीने अरबीतला 'माअ' सांगितला. मग मी फारसीतला 'आब' लिहिला आणि म्हटले, हा तुमच्या तोंडात रोज असतो, शोधा. पाच नद्यांचा पंजाब सापडला. फुलाचे पाणी तो गुलाब, हे त्यांना खरे वाटेना. मग आबरू आली. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती आबरू, आणि तीच मराठीत अब्रू झाली. मराठीतही मोत्याला पाणी असते, डोळे पाणीदार असतात, माणसाचे पाणी जोखले जाते. एका मुलाने विचारले, "टीचर, आबरू गई तो पानी गया?" मी म्हटले, होय, दोन्ही भाषांत.

जतच्या मुलांना पाण्याविषयी कोणी वेगळे सांगायला नको. हा पर्जन्यछायेचा तालुका. म्हैसाळहून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून इकडे आणायचे काम वर्षानुवर्षे चालले, काही गावांना पोहोचले, पूर्व भाग वाट बघत राहिला. २०२२ च्या नोव्हेंबरात सीमेवरच्या गावांवरून दोन राज्यांत वाद पेटला, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर जतचे नाव होते. त्या सगळ्या बोलण्याच्या तळाशी पाणीच होते. आमच्याकडे योजनेच्या पाटीवर 'जल' असते आणि टँकरपुढच्या रांगेत 'पाणी'. पाटीवरचा शब्द आणि रांगेतला शब्द एकाच गोष्टीचे आहेत, हे पोरांना कळले पाहिजे. नाही तर पाटी परकी वाटते आणि रांगेतले बोलणे अडाणी.

हाच फरक लेकीच्या कामात फार महत्त्वाचा आहे. सेवागृहातला म्हातारा माणूस तहान लागली की 'मिझु' म्हणेल, किंवा अदबीने 'ओमिझु'. पण त्याने दिवसभरात किती पाणी, चहा, सूप घेतले हे नोंदवहीत लिहिताना शब्द येतो 'सुइबुन', म्हणजे शरीरात गेलेला पाण्याचा अंश. पुस्तकातला सुइबुन पाठ करून गेलेल्या मुलीला मिझु कळला नाही तर माणूस तहानलेला राहील. मिझु कळला आणि सुइबुन वाचता आला नाही तर पुढच्या पाळीची नर्स अंधारात राहील. त्यात आणखी एक खोच आहे. मिझु म्हणजे थंड पाणी. गरम पाण्याला वेगळा शब्द, 'ओयु', आणि त्याचे अक्षरही वेगळे. आपण 'गरम पाणी' म्हणतो तसे 'गरम मिझु' सहसा म्हणत नाहीत. आंघोळ घालताना हा फरक माहीत असलेला बरा.

लेकीला हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. माझ्या सासूबाई विजापूरकडच्या. लग्न होऊन जतला आल्या त्याला पन्नास वर्षे झाली होती. घरात आमच्यासारखी दखनी बोलायच्या, मराठीही छान. शेवटच्या वर्षी त्यांना लकवा झाला आणि बोलणे अर्धे गेले. जे उरले त्यात लहानपणच्या गल्लीतली कानडी वर आली. रात्री-अपरात्री त्या पुटपुटायच्या, "नीरु कोडु." पाणी दे. पहिल्या रात्री आम्ही उशी सरकवून बघितली, पंखा कमी केला. लेक तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुट्टीवर आली होती. तिने आजीच्या तोंडाजवळ कान नेला, उठली आणि चमच्याने पाणी पाजले. गल्लीतल्या मैत्रिणींबरोबर खेळताना तिने तो शब्द कधीतरी उचलला होता. त्या महिन्याभरात तिने आजीचे कानडी शब्द एका कागदावर लिहून भिंतीला लावले, म्हणजे आम्हा सगळ्यांना कळावेत. सासूबाई अल्लाहच्या घरी गेल्या तेव्हा तहानलेल्या गेल्या नाहीत, याचे समाधान आम्हाला आहे.

माणूस थकला की त्याच्याकडे घरचेच वाचन उरते. शिकलेले, जोडलेले, पाहुणे वाचन आधी जाते. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांचेही तसेच होत असणार.

आमच्याकडे उर्दू वर्गांचा पट कमी होतो आहे. आई-वडील येऊन विचारतात, उर्दू शिकून काय होणार? ते पोटाच्या काळजीने विचारतात, त्यांना मी दोष देत नाही. मराठी उत्तम आली पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे, यात शंका नाही. पण घरची भाषा सोडली म्हणजे बाहेरची लवकर येते, असे मी वर्गात कधी पाहिलेले नाही. ज्या पोराला पाण्याची चार नावे ठाऊक आहेत त्याला पाचवे जड जात नाही, आणि कोणते नाव कुठे घ्यायचे हे त्याला कळते. आमच्या पोरांच्या बोलण्यात चार भाषा मिसळतात म्हणून त्यांना कच्चे म्हटले जाते. जपान्यांनी ती मिसळण नीट मांडून ठेवली आणि तिची शिस्त केली. आपणही मुलांना तेवढेच शिकवायचे आहे: नाव कोणतेही टाकू नका, जागा ओळखा.

ज्या घरांत मुले-मुली या वाटेचा विचार करत असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भाषेचा वर्ग लावण्यापूर्वी जपानला पाठवण्याच्या नावाखाली मोठी रक्कम कोणाच्या हातात देऊ नका. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याने केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि ती नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर बघता येते. आणि अक्षरांची वाचने यादीने पाठ करू नका. एका अक्षराचे एक कार्ड करण्यापेक्षा एका शब्दाचे एक कार्ड करा. मिझु वेगळे, सुइदो वेगळे, सुइबुन वेगळे. शब्द आला की वाचन आपोआप येते.

लेक एन-५ पास झाली. निकालाच्या दिवशी तिच्या अब्बांनी काही न बोलता पासपोर्टच्या अर्जाचा विषय काढला. त्यांच्या प्रश्नांपैकी हलाल आणि नमाज यांची उत्तरे तिने शोधून आणली आहेत. 'आजारी पडली तर कोण' याचे उत्तर अजून आमच्यापैकी कोणाकडे नाही, आणि ते जाईपर्यंत मिळेल असेही नाही. तरी परवा त्यांनी स्वतः कार्डांचा गठ्ठा उचलला, एक कार्ड दाखवले आणि विचारले, "ये क्या है?" ती म्हणाली, "जोडी का बताऊं, के अकेले का?"

एन-४ ची परीक्षा जुलैच्या पहिल्या रविवारी पुण्याला आहे. दुआ करा.